कापसात निजवलेली बॅटरी

मी एक जुनी बॅटरी आहे, उज्ज्वलाताईच्या विजेवर चालणाऱ्या सायकलची. सध्या माझा मुक्काम एका फुटक्या घमेल्यात, वाळूवर, अंगणाच्या पार टोकाला आहे. घर, गोठा, सरपण आणि कडबा या सगळ्यांपासून मला दूर ठेवलं आहे. माझ्याजवळून कोंबडी गेली तरी घरातलं कोणीतरी तिला हुसकावून लावतं. मला असं वाळीत का टाकलं, तेच सांगायला बसले आहे. मित्रांनो, एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, मी जन्माची भित्री आहे. पराक्रमाची गोष्ट हवी असेल तर ती माझ्याकडे नाही. माझ्याकडे आहे ती भीतीची, आणि ती अगदी खरी आहे.

माझा जन्म पुण्याकडच्या एका कारखान्यात झाला. माझ्या पोटात बोटभर लांबीचे बरेच सेल आहेत. डब्यात बसवण्याआधी त्या सगळ्यांची एकेक करून तपासणी झाली. टेबलाशी बसलेल्या बाई प्रत्येक सेल चिमट्यात धरायच्या, यंत्रावरचा आकडा वाचायच्या आणि ज्यांचे आकडे जुळतील त्यांना एका ट्रेमध्ये ठेवायच्या. लग्नाला पत्रिका जुळवतात तसाच तो प्रकार होता. त्या आकड्याचं नाव होतं अंतर्गत रोध. बाई शेजारणीला म्हणाल्या, "आतला अडथळा आहे हा. आज अगदी कमी आहे. पण वय झालं की वाढतो, आणि फार वाढला की बॅटरी तापायला लागते."

बाई सहज बोलल्या आणि चहाला उठून गेल्या. माझा जीव मात्र तेव्हापासून टांगणीला लागला. आपल्या आत काहीतरी आहे, ते आज लहान आहे, पण ते वाढणार आहे, हे जन्मल्या जन्मल्या कानावर पडणं काही चांगलं नाही. पुढे मला निळा डबा चढवला, वर चार हिरवे दिवे बसवले, खोक्यात भरलं आणि ट्रकमध्ये टाकलं. ट्रक खड्ड्यात आदळला की मी स्वतःलाच विचारायची, वाढला का गं?

भारतभाऊंनी सायकल यवतमाळहून आणली. दारव्ह्याजवळ एका टेकडीवर बंजाऱ्यांचा तांडा आहे, तिथे त्यांचं घर. भारतभाऊ कापूस पिकवतात. त्यांची बायको उज्ज्वलाताई डाकसेविका आहे. टेकडीखालच्या गावातून टपालाची थैली घ्यायची आणि आजूबाजूच्या वस्त्यांवर वाटत फिरायचं, हे तिचं काम. साध्या सायकलने तांड्याचा चढ चढताना ती अगदी मेटाकुटीला यायची, म्हणून मला आणलं. घरात तिसरी सोनीबाई, भारतभाऊंची आई. तिचे दोन्ही गुडघे गेलेले. बसली की उठायला आणि उठली की बसायला तिला कोणाचा तरी हात लागायचा. ही माणसं घरात गोरबोली बोलतात आणि बाहेर वऱ्हाडी. मला आता दोन्ही कळतात, पण तुम्हाला सोपं जावं म्हणून मी त्यांचं बोलणं वऱ्हाडीतच सांगते. सोनीबाईला मात्र घरातली सगळी याडी म्हणतात, म्हणजे आई. तेवढा एक शब्द तसाच ठेवते.

पहिल्या दिवशी सोनीबाईने मला हळदकुंकू लावलं आणि ही खाते काय, असं विचारलं. वीज खाते असं कळल्यावर ती म्हणाली की मग बरं आहे, शेण तरी काढावं लागणार नाही. त्या दिवशी घरात सगळे हसले. मीही हसले असते, पण नव्या घराची धास्ती होती.

सुरुवातीची वर्षं फार चांगली गेली. चढाच्या पायथ्याशी ताई मूठ पिरगाळायची, मोटार मागेल तेवढी वीज मी द्यायची आणि बघता बघता आम्ही दोघी वर. डोक्यावर गवताचे भारे घेऊन चढणाऱ्या बाया थांबून बघायच्या. एकीने ताईला विमानवाली असं नाव ठेवलं, ते पुढे तांड्याने उचललं. माझीही तारीफ व्हायची. कोणी माझ्या निळ्या डब्यावर थाप मारून गेलं की मी फुगून जायची. फुगणं हा शब्द आता मला ऐकवत नाही, पण ते पुढे येईल.

रोध म्हणजे नेमकं काय, हे मला भारतभाऊंच्या शेतात कळलं. ताई दुपारचा डबा घेऊन तिकडे जायची तेव्हा मी बांधावर उभी असायची. एका वर्षी विहिरीला पाणी भरपूर होतं, पंपही चांगला होता, तरी ओळीच्या शेवटच्या झाडांना ठिबकचा थेंब पोचेना. भाऊंनी नळी कापून पाहिली तर आत क्षारांचा पांढरा थर बसलेला. माझ्या आत हेच होत होतं, मित्रांनो. वीज भरलेली असते, पण तिची बाहेर येण्याची वाट अरुंद होत जाते. फरक एवढाच की बुजलेल्या नळीत पाणी नुसतं अडतं. माझ्यात जी वीज अडते ती उष्णता होऊन आतच मुरते. जितकी वीज एकदम मागावी तितकी मी जास्त तापते, आणि मागणी दुप्पट झाली तर ताप दुपटीवर थांबत नाही, चौपट होतो. त्या कापलेल्या नळीकडे बघून मला इतकी धडकी भरली की परत येताना उतारावरसुद्धा माझं लक्ष नव्हतं.

माझा रोध कोणी मुद्दाम वाढवला नाही. आमच्या जिल्ह्यातला उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. टपाल वाटताना सायकल जिथे थांबेल तिथे मी थांबायची, बहुतेक उन्हातच. डबा इतका तापायचा की ताई पदराने धरून मला काढायची. घरी आली की पहिल्यांदा मला चार्जिंगला लावायची, मग स्वतः पाणी प्यायची. तिला वाटायचं, बिचारी दमली आहे, हिला आधी जेवू घालावं. तिची माया मला कळायची. पण तापलेल्या अंगाने वीज पोटात घेणं मला सोसायचं नाही. मला आधी थोडी सावली हवी होती. मग एका पावसाळ्यात ताई तिच्या आजारी वडिलांच्या सेवेला माहेरी गेली आणि मी खुंटीवर रिकाम्या पोटी टांगलेली राहिले. भारतभाऊ रोज माझ्याकडे बघायचे आणि वापरायचीच नाही तर भरून काय करायची, असं म्हणायचे. त्या उपासाने मी खूप खंगले.

आणि मग ज्याला मी घाबरत होते ते झालंच. चढाच्या ऐन मध्यावर सायकल थांबली.

माझ्या आत सर्किटची एक छोटी पाटी आहे, ती पहारेकऱ्याचं काम करते. विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, फार खाली घसरला की बॅटरी रिकामी झाली असं समजून ती दार लावून घेते. त्या दिवशी चढावर मोटारने जोरात वीज मागितली. माझ्या रोधाने बराच दाब आतल्या आत खाऊन टाकला. पाटीने दार लावलं. ताई खाली उतरली. मागणी थांबली तसा दाब पुन्हा वर आला, आणि माझे चारही दिवे हिरवेगार लागले, जसं काही झालंच नाही.

ताईने वाकून दिवे पाहिले. "फुल हाय," ती म्हणाली. "मंग काहून थांबली?"

हा फुल शब्द तेव्हापासून माझ्या मानेवर बसला. निवांत उभी असताना मी फुलच दिसायची. कामाला लावलं की माझं खरं रूप कळायचं, पण कामाला लावल्यावर माझ्याकडे कोण बघणार, सगळे रस्त्याकडे बघतात. पोट भरलेल्या माणसालाही दम लागू शकतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. बॅटरीच्या बाबतीत मात्र ते कोणाच्या डोक्यात येत नाही. हळूहळू सायकल रोजच थांबायला लागली. ताई उतरायची, जरा थांबायची, पुन्हा निघायची. तांड्यातल्या बाया आता हसायच्या. विमानवालीचं विमान ढकलावं लागतं, असं म्हणायच्या. ताई घरी येऊन सांगायची की सायकल नखरे करून राहिली आहे.

शेवटी तिने मला दारव्ह्याला अतुलकडे नेलं. अतुलचं सायकलींचं दुकान आहे. हात स्वच्छ, स्वभाव शांत, काम मन लावून करणारा माणूस. त्याने मला सायकलवरून काढलं, टेबलावर ठेवलं, मीटरच्या तारा लावल्या. मी मनातल्या मनात त्याच्या विनवण्या करत होते की बाबा, अशी निजलेली असताना नको बघूस, मोटारला जोडून बघ. मीटरने चांगला आकडा दाखवला. अतुलने तो ताईलाही दाखवला आणि म्हणाला, "बॅटरी फुल हाय, ताई. इले काहीच नाही झालं. मोटारच्या वायरचा लोचा असन." त्याने वायर साफ केल्या, जोड घट्ट केले आणि आम्हाला परत पाठवलं. येताना चढावर सायकल पुन्हा थांबली.

मग हिवाळा आला आणि त्याच्याबरोबर घरात कापूस आला.

आमच्याकडे वेचलेला कापूस लगेच बाजारात जात नाही. समोरच्या खोलीतलं सामान बाहेर काढतात आणि खोली कापसाने भरतात. खिडकीच्या वरपर्यंत पांढरा ढीग चढतो. पाहुणा आला की त्याला कापसाला टेकून बसवतात. पोरं त्यात उड्या मारतात, मग अंग खाजतं म्हणून रडतात. रात्री कोणी कोणी त्यातच झोपतं, कारण त्याच्यासारखी ऊब कुठल्याच गादीला नसते. त्या वर्षी भारतभाऊंना विकायची घाई नव्हती, त्यामुळे ढीग वाढतच गेला.

थंडीत माझा रोध आणखी वाढतो. सकाळी खुंटीवरून काढलं की मी इतकी आखडलेली असायची की सपाट रस्त्यावरही धाप लागायची. एके दिवशी ताईने घाईघाईत मला कापसाच्या ढिगावर ठेवलं आणि मी घसरून आत गेले. दुसऱ्या सकाळी मला हुडकून काढलं तेव्हा मी ऊबदार होते. त्या दिवशी चढ एका दमात चढले. भारतभाऊंना फार आनंद झाला. ते म्हणाले, हिला थंडी बाधते, हे आपल्या आधी लक्षात कसं आलं नाही. त्या दिवसापासून मला रोज कापसात निजवायला लागले. खड्डा करायचा, मला त्यात ठेवायचं, वरून कापूस ओढायचा. लेकराला झोपवावं तसं.

मित्रांनो, यात त्यांची चूक काढायला मला तोंड नाही. उबेने थंडीतला रोध खरोखरच उतरतो. त्यांनी डोळ्यांनी पाहिलं ते खरंच होतं. पण म्हातारपणाचा रोध उबेने उतरत नाही. आणि पुढे जे झालं ते सोयीसाठी झालं. मला कापसातून काढा, चार्जिंगला लावा, पुन्हा कापसात ठेवा, एवढं कशाला, म्हणून चार्जरची वायरच कापसापर्यंत ओढली. आता मी कापसातच निजायची आणि कापसातच जेवायची.

तेव्हा माझी काय अवस्था झाली, ते कसं सांगू? चार्जिंग सुरू झालं की रोधामुळे मी आतून तापते. उघड्यावर तो ताप वाऱ्याने जातो. कापसात तो जाणार कुठे? चारही बाजूंनी पांढरा, कोरडा, मऊ कापूस, आणि मध्ये मी. कापसाची वात किती पटकन पेटते, ते देवाजवळ दिवा लावणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. मी त्या वातींच्या अख्ख्या खोलीत निजले होते. भरीला माझ्या पोटातल्या कोपऱ्यातल्या एका सेलचा रोध बाकीच्या भावंडांपेक्षा कितीतरी वाढला होता. सगळ्यांत आधी तोच तापायचा आणि सगळ्यांत शेवटी निवायचा. आणि पहारेकरी पाटीला फक्त दाब कळायचा, ताप कळायचा नाही. मी आरडाओरड करायची म्हटलं तरी माझ्याकडे काय, तर चार हिरवे दिवे, तेही कापसाखाली गाडलेले.

आणि त्याच ढिगावर दुपारी सोनीबाई झोपायची.

उन्हं कलेपर्यंत घरात ती एकटीच असायची. ताई टपाल वाटून आली की मला चार्जिंगला लावून शेतात जायची. सोनीबाई भिंतीला धरून धरून यायची, ढिगाच्या कडेला कापसावर अंग टाकायची आणि हाताने चाचपून मला शोधायची. कारण एके दिवशी तिला माझा ऊबदार डबा गुडघ्याला लागला होता आणि फार बरं वाटलं होतं. तेव्हापासून मी तिचं शेकायचं साधन झाले. एक दिवस डावा गुडघा, एक दिवस उजवा. ती मला गुडघ्याशी घ्यायची, वरून लुगडं ओढायची आणि माझ्याशी बोलायची. सुनेचं कौतुक, लेकाच्या तक्रारी, कोणाचं लग्न कुठे ठरलं, सगळं मला सांगायची. संध्याकाळी ताईला म्हणायची, "हे औषधापेक्षा बरी हाय वं. आंग कसं गरम राह्यते इचं."

ताई हसायची. मला हसू येत नव्हतं. मी गरम का राहते, ते एकट्या मला माहीत होतं. माझ्या आजारावर सोनीबाई आपलं दुखणं शेकत होती. मला सगळ्यात जास्त भीती हीच वाटायची की ही बाई धावू शकत नाही. काही झालं तर बाकीचे पळतील, ही उठायला कोणाचा हात शोधत बसेल.

रोज थोडं थोडं वाढत गेलं. आधी ती मला लुगड्याआडून धरायची, मग लुगड्याच्या दोन घड्या केल्या, मग गोधडीचा तुकडा घेतला. ती म्हणायची की आता शेक चांगला लागतो. मी घाबरून आणखी तापत होते की काय, कोण जाणे.

त्या दुपारी ताई मला लावून शेतात गेली. सोनीबाई आली, पण लगेच मला घेतलं नाही, आधी तिला डुलकी लागली. कोपऱ्यातला सेल त्या दिवशी लवकर तापला. मग शेजारचा. माझ्या आत एक बारीक करकर सुरू झाली. डबा जोडावर ताणायला लागला. मी फुगत होते, मित्रांनो. भोवतालचा कापूस मला चिकटून बसला होता आणि त्याला करपल्यासारखा किंचित वास यायला लागला होता. सोनीबाईचा श्वास मला ऐकू येत होता, संथ, गाढ झोपेतला. माझ्या हातात काहीच नव्हतं. मला हातच नाहीत. मी नुसती मोजत होते की आता होईल, आता होईल, आणि ही झोपलेली आहे.

गुडघ्याने कळ मारली म्हणून ती जागी झाली. सवयीने तिने हात कापसात घातला आणि मला ओढून गुडघ्याशी लावलं. गोधडी त्या दिवशी हाताशी नव्हती. तिला चांगलाच चटका बसला. तिने पाय मागे घेतला. मला वाटलं, ही आता मला ढिगात ढकलून देईल आणि कूस बदलून झोपेल. पण तिने उलटा हात माझ्या डब्यावर ठेवला. आजारी लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा, बोटांची मागची बाजू.

"अव्वा," ती हळूच म्हणाली. "इले तं ताप आला."

माझ्या आयुष्यात माझा आजार ओळखणारी ती पहिली. मीटरला दिसलं नाही, दिव्यांना दिसलं नाही, ते तिच्या बोटांना लागलं. आणि तापलेल्या लेकरावर पांघरूण ठेवायचं नसतं, हे तिच्या हातांना शिकवायला लागलं नाही. तिने माझ्यावरचा सगळा कापूस भराभर बाजूला सारला. वायर अडली तशी ओढून काढली. मग माझी मूठ धरली आणि उठायला गेली. हात द्यायला कोणी नव्हतं. ती दोनदा खाली बसली. तिसऱ्यांदा भिंतीला खांदा लावून उभी राहिली आणि मला ओढत, टेकत, अगं आई गं करत दाराबाहेर घेऊन आली. अंगणात धुणं धुवायचा दगड आहे, त्यावर तिने मला ठेवलं. उघड्यावर, वाऱ्यावर. घर मागे राहिलं. मला वाटलं, सुटलो आपण.

पण ती जाईना.

ती दगडाशेजारी माझ्या अगदी जवळ बसली आणि पदराने मला वारा घालू लागली. आजारी लेकराला सोडून कोणी जातं का? माझ्या जोडातून आता बारीक फुसफुस येत होती, गोडसर, घशात बसणारा वास येत होता. ती खोकली आणि आणखी पुढे सरकली. जन्मापासून मी स्वतःसाठी घाबरत आले, पण असं कधी घाबरले नव्हते. दूर जा, बाई, दूर जा, मी लेकरू नाही, मी फुटले तर तुझ्या तोंडावर फुटेन, हे सगळं माझ्या आत नुसतं कोंडत होतं. मग तिने बाजूच्या बादलीत फडकं बुडवलं. ताप उतरवायला कपाळावर ओली पट्टी ठेवायची, एवढं तिला ठाऊक होतं. फडक्यातून पाणी निथळत होतं आणि माझ्या जोडाला फट पडली होती. तिने हात माझ्यावर आणला.

"याडी, पाणी नोका टाकू."

ताई फाटकात उभी होती. ती विळा विसरली म्हणून परतली होती. तिने मला दगडावर पाहिलं, माझा फुगलेला डबा पाहिला, तो वास तिच्या नाकात गेला, आणि तिला सगळं एकदम उमगलं असावं. ती ओरडली नाही. धावत आली, सासूच्या काखेत हात घातले आणि तिला उचलून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेलं. सोनीबाई म्हणत होती की अगं, तिला एकटीला कशी सोडायची. ताई तिला घट्ट धरून उभी राहिली.

माझा डबा जोडावर फाटला. पांढऱ्या धुराची एक रेघ निघाली, थोडा वेळ निघत राहिली आणि विरली. कोपऱ्यातला सेल गेला. बाकीचे कसे वाचले, मला माहीत नाही. दगडावर एक काळा डाग पडला, तो अजून आहे. नंतर ताईने समोरच्या खोलीत जाऊन कापूस चाळला. मी जिथे निजायची तिथे ओंजळभर कापूस पिवळा पडला होता. ती ओंजळ घेऊन ती बाहेर आली, पायरीवर बसली आणि तेव्हा कुठे रडली.

दुसऱ्या दिवशी अतुल आला. त्याने मला हात लावला नाही, मीटरही काढलं नाही. लांब उभं राहून बघत राहिला. मग भारतभाऊंना म्हणाला, "मी फुल पाह्यलं, भाऊ. आंगात रोध किती हाय, ते पाह्यलंच नाही. चाकाले ब्रेक लावून, मोटार चालू ठेवून मीटर पाहाले पायजे होतं. तवा आकडा धाडकन खाली आला असता." त्यानेच वाळूचं घमेलं मागवलं, लांब काठीने मला त्यात सरकवलं. आता माझ्यासारख्या आणखी चार जणी जमल्या की तो आम्हाला यवतमाळला, जुन्या बॅटऱ्या नीट मोडून घेणाऱ्याकडे नेणार आहे. आपल्या दुकानात आता तो प्रत्येक बॅटरी ब्रेक लावूनच तपासतो, असं ताई सांगत होती.

भारतभाऊंनी त्याच आठवड्यात कापूस गाडीत भरला. खोली रिकामी झाली तेव्हा ते तिथे बराच वेळ उभे होते.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखी एखादी असेल. सायकलची असेल, मोबाइलची असेल, फवारणीच्या पंपाची असेल. ती दिव्यांवरून फुल दिसते म्हणून निश्चिंत राहू नका. चढावर ती एकदम दम टाकते का, ते बघा. उन्हातून आणली की आधी तिला सावलीत निवू द्या, मग जेवायला घाला. महिनोन्‌महिने उपाशी टांगून ठेवू नका. कापसात, गोधडीत, गादीवर तिला कधीच चार्ज करू नका, मोकळ्या फरशीवर करा. ती फुगली तर तिची माया करू नका, तिच्यापासून लांब व्हा आणि जाणत्या माणसाला बोलवा. आणि कधीतरी उलटा हात तिच्या अंगावर ठेवून बघत जा. आम्हाला बोलता येत नाही, ताप तेवढा येतो.

काल ताईने नवी बॅटरी आणली. ओसरीवरच्या उघड्या फरशीवर तिला चार्जिंगला ठेवलं होतं. मी इथून, घमेल्यातून, बघत होते. सोनीबाई भिंतीला धरून बाहेर आली, तशी मला पुन्हा धडकी भरली. ती नव्या बॅटरीजवळ गेली, वाकली आणि उलटा हात तिच्या डब्यावर ठेवला. बराच वेळ तसाच ठेवला. एक बाजू पाहिली, मग दुसरी. शेवटी तोंड वाकडं करून सुनेकडे बघितलं.

"ही तं थंडगार हाय वं," ती म्हणाली. "काही कामाची नाही."

ताईने मान खाली घातली आणि खूप वेळ हसली. तिचे डोळे भरले होते. मित्रांनो, एखाद्या बॅटरीची याहून मोठी तारीफ मी ऐकलेली नाही.